टोचनाचा धंदा आणि खंडणीच्या टोळ्या



वाशीम जिल्ह्यातून आज दोन मोठे रस्ते जातात. एक अकोल्याहून मेडशी, मालेगाव, वाशीम करीत हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१. दुसरा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्यामागोमाग ढाबा येतो, पंक्चरवाला येतो, गॅरेज येते, आणि टोचन करणारी क्रेनही येते. या शेवटच्या धंद्याकडे राजकीय कार्यकर्त्याचे लक्ष सहसा जात नाही. ते जावयास हवे.

या धंद्याचे अर्थशास्त्र निराळे आहे. कांदा महाग वाटला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. मध्यरात्री रस्त्याकडेला कलंडलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला पुढचे दुकान नसते. मालकाचा फोन चालू असतो, माल उघड्यावर पडलेला असतो आणि वाहतूक अडल्यामुळे पोलीस घाई करीत असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी हलवण्याचा खर्च मालकाच्याच माथी असतो. अशा अगतिक गिऱ्हाइकापर्यंत जो आधी पोहोचेल, तो म्हणेल तो दर. साहजिकच स्पर्धा सेवेची न राहता जागेची होते, आणि जागा राखण्यासाठी दंडुका लागतो.

हे कल्पनारंजन नव्हे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात नेमके हेच घडले. टोइंगवाल्यांच्या टोळ्यांनी हद्दींसाठी एकमेकांचे ट्रक जाळले, खून पाडले, बनावट अपघात दाखवून विमा कंपन्यांना लुबाडले. मे २०२० मध्ये पोलिसांना मोठी धरपकड करावी लागली. मात्र तेथील सरकार अटकांवर थांबले नाही. २०२१ साली स्वतंत्र कायदा झाला. काही महामार्गांचे पट्टे ठरवून प्रत्येक पट्ट्यात अधिकृत क्रेनलाच मुभा देण्यात आली आणि २०२४ पासून टोइंग व्यवसायासाठी प्रांताचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. भांडवलशाही देशालाही या धंद्यात खुल्या बाजाराचा मंत्र सोडून द्यावा लागला, हे आपल्याकडील बाजारभक्तांनी ध्यानात घ्यावे.

वाशीमला रस्ता आणि दांडगाई यांचे नाते अपरिचित नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून, या जिल्ह्यातील महामार्गाची कामे शिवसेनेचे स्थानिक लोक अडवतात, अशी तक्रार केली होती. त्यातील खरेखोटे ठरवणे हे या व्यासपीठाचे काम नव्हे. पण कोण्या पक्षाचा झेंडा लावून काम अडवता येते, ही समजूत रुजली की उद्या तोच झेंडा क्रेनवरही लागेल. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असे आरोपपत्र म्हणते. खंडणी ही श्रीमंत कंपनीची कटकट आहे, गरिबाला तिचे काय, असे म्हणणाऱ्यांनी मस्साजोगकडे पाहावे.

यावर उपाय केवळ पोलिसी नाही. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा आहेच, आणि गुन्हा घडून गेल्यावर तो उपयोगी पडतो. त्याहून मोलाचा धडा १९६९ च्या माथाडी कायद्यात आहे. तोवर हमालाच्या मजुरीत टोळीवाला नि मुकादम आपला वाटा कापून घेत. कायद्याने काम आणि कामगार दोन्ही नोंदवले, मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची, अशी व्यवस्था केली. दलालाच्या हातून कामाचे वाटपच काढून घेतले. अण्णासाहेब पाटलांपासून बाबा आढावांपर्यंत अनेकांच्या झगड्याची ही कमाई आहे. पुढे याच माथाडींच्या नावाने खंडणी उकळणारे निघाले, आणि त्यांचे निमित्त करून सरकारने २०२३ साली कायदाच पातळ करणारे विधेयक आणले. खंडणीखोर कामगाराचे असे दुहेरी नुकसान करतो: आधी त्याचे नाव चोरतो, मग त्याचे संरक्षण घालवतो. म्हणून ‘स्थानिकांना काम’ या न्याय्य मागणीच्या आडून हप्ता मागणारा कोणी आपल्या मांडवात शिरत असेल, तर त्याला बाहेर काढण्याचे काम कार्यकर्त्यांनीच करावयाचे आहे. ते पोलिसांवर सोडून चालणार नाही.

क्रेनच्या बाबतीत मागणी साधी आहे. जिल्ह्यातील प्रत्येक क्रेनची नोंद व्हावी, अपघाताची वर्दी आल्यावर पाळीने क्रेन धाडली जावी, टनामागे आणि किलोमीटरमागे दर ठरून टोलनाक्यावर व ठाण्यात मराठी-हिंदीत फलक लागावेत, पैसे पावतीवरच घेतले जावेत. कोणते गॅरेज हे ड्रायव्हरने ठरवावे, क्रेनवाल्याने नव्हे. आणि त्या दरातच क्रेनवरच्या मदतनिसाची मजुरी व विमा धरलेला असावा. साखळी अडकवायला उलटलेल्या ट्रकखाली तोच शिरतो. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे हे निवेदन लवकर जावे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे ट्रक निघू लागतात, त्याआधी फलक लागलेले बरे.