मराठी ओळ आधी, अक्षर नंतर



जाहिरात मोहिमेतल्या मथळ्याचं अक्षर निवडताना मराठीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो, ही आपल्या व्यवसायातली जुनी दुखरी जागा आहे. इंग्रजी मथळा ठरतो, त्याचा फाँट ठरतो, लेआउट मंजूर होतो आणि मग ती फाइल ‘आता मराठी करून द्या’ अशा निरोपासह येते. दुसऱ्या लिपीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी ओळ कोंबली जाते. बसली नाही, तर अक्षर वरून दाबतात, नाहीतर आडवं ताणतात. या संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून एकच आग्रह धरायचा आहे. मोहीम मराठी वाचकासाठी असेल, तर मराठी ओळ आधी लिहिली जावी आणि अक्षर त्याच ओळीवर तपासून मग निवडलं जावं.

फाँटच्या नमुनापत्रकावर ‘कमल’, ‘नगर’, ‘भारत’ असे सुटसुटीत शब्द असतात. त्यांत कोणताही फाँट देखणा दिसतो. खरी मोहीम अशा शब्दांवर चालत नाही. समजा, पुस्तकांच्या एखाद्या दुकानाची सवलत जाहीर करायची आहे: वरच्या ओळीत ‘पुस्तकांच्या दुसऱ्या खरेदीवर’ आणि खाली ‘अर्धी किंमत’. इथेच फाँटची परीक्षा सुरू होते. ‘ऱ्या’ मराठी पद्धतीने उमटतो का? ‘र्धी’वर रफार आणि दुसरी वेलांटी एकमेकांच्या अंगावर येतात का? ‘किं’मध्ये वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचं टिंब यांना श्वास घ्यायला जागा आहे का? दोन्ही ओळी मध्यात मांडल्या, तर वरच्या ‘दु’चा उकार खालच्या ‘र्धी’च्या रफारावर उतरू पाहतो. म्हणून ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. ते वाढवलं की ठरलेल्या चौकटीत मथळा मावत नाही आणि लेआउट बदलावा लागतो. हे सगळं छपाईच्या आदल्या रात्री कळण्यात कोणाचाच फायदा नाही.

‘ऱ्या’बद्दल थोडं अधिक बोलायला हवं. पर्यटनाच्या पोस्टरवर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ लिहायच्या असतील आणि फाँटने ‘दर्या’ उमटवला, तर डोंगराच्या जागी समुद्र येतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांच्याकडेही असंच लक्ष द्यावं लागतं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेसोबत या वळणांचीही दखल घेतली. आजच्या कित्येक फाँटमध्ये ही वळणं आत दडलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमून दिली की ती वर येतात. पण फाइलमध्ये भाषा हिंदी किंवा इंग्रजीच राहते आणि हातात असलेली वस्तू वापराविना पडून राहते.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. फोटोशॉपमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी करणारी सोय निवडलेली नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. ‘शक्ती’तला ‘क्’ उघडा पडलेली होर्डिंगं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ही फाँटची चूक नसते. एक पर्याय बदलला की ती दुरुस्त होते. त्यासाठी छापण्याआधी मराठी वाचणाऱ्या माणसाने पडद्याकडे पाहायला मात्र हवं.

इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधली जागा वाढवून ऐट आणता येते. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठी मथळ्याला ऐट आणायची असेल, तर ती वजनातून, रुंदीतून, कुंचल्याच्या तिरकस कापातून आणावी लागते.

या कामाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी देवनागरी छपाईचा दर्जा ठरवून दिला. पुढे बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा इतिहास आणि रचना यांचा तीन खंडांत अभ्यास मांडला. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. र. कृ. जोशींनी जाहिरात क्षेत्रात आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अक्षरांकडे पाहणारी एक पिढी घडवली. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ त्यांचाच. मंगल पडद्यावरचा मजकूर नीट वाचता यावा यासाठी घडवलेला फाँट आहे. तो आपसूक हाताशी येतो म्हणून भल्या मोठ्या फ्लेक्सवर फुगवायचा, हा जोशींच्या कामावर अन्याय आहे.

आणि कमल शेडगे. वर्तमानपत्रांतल्या मराठी नाटकांच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या, त्यांना नाटकाचं नाव आणि शेडग्यांचं अक्षर वेगळं करता येत नाही. ‘चित्राक्षरं’ आणि ‘माझी अक्षरगाथा’ ही त्यांची पुस्तकं प्रत्येक जाहिरात कंपनीच्या टेबलावर असायला हवीत. ते नाटकाचं नाव हातात घेत आणि त्या नावासाठीच अक्षर रेखाटत. त्यात कोणता काना उंच जाईल, कोणती मात्रा वळेल, हे त्या शब्दाकडे बघून ठरे. यातून आजच्या मोहिमेसाठी एक सरळ निर्णय निघतो. दोन-तीन शब्दांचं घोषवाक्य सहा महिने सगळीकडे झळकणार असेल, तर ते अक्षरकाराकडून लिहून घ्यावं. त्याचे पैसे मनापासून द्यावेत. रोज बदलणाऱ्या ओळी, किमती, तारखा यांच्यासाठी त्या अक्षराशी जुळणारा फाँट निवडावा. हाताचं अक्षर आणि फाँट यांची अशी वाटणी केली, तर मोहिमेला चेहरा मिळतो आणि कामही उरकतं.

आज निवडीला वाव आहे, ही मोठी आनंदाची गोष्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की त्याच्या अक्षरांतल्या पोकळ्या चिरेएवढ्याच उरतात. दुकानाच्या दर्शनी भागावर दोन शब्दांत तो मनसोक्त खुलतो. मोबाइलच्या पडद्यावर लहान केला की त्या चिरा बुजतात. म्हणून मिठाईच्या नावाला मोदक जरूर द्यावा, खालच्या अटींना कधीही देऊ नये. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला. त्याच्या तिरक्या कापात शहर ओळखू येतं. ‘रोझा वन’मध्ये जाड आणि बारीक रेघांचा फरक टोकाचा आहे, दागिने, साड्या, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ अशा ठिकाणी तो शोभतो, पण धावत्या बसच्या पाठीवर त्याच्या बारीक रेघा दिसेनाशा होतात.

मोहीम अनेक राज्यांत जाणार असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. एक टाइपच्याच ‘बालू’ने त्याला मोकळ्या मनाचं उत्तर दिलं. गुजरातीसाठी बालू भाई, बंगालीसाठी बालू दा, तमिळसाठी बालू तंबी, मल्याळमसाठी बालू चेट्टन, असं एकेका लिपीचं स्वतंत्र भावंड घडवलं गेलं. ‘अनेक’ हे दहा लिप्यांचं कुटुंब २०२२ मध्ये आलं; त्यात वजनासोबत रुंदीही बदलता येते. चौकट अरुंद असेल, तर अक्षर दाबून विद्रूप करण्याऐवजी मुळातच अरुंद घडवलेलं रूप घेता येतं. हे फाँट गूगलच्या संग्रहात खुल्या परवान्यावर मिळतात आणि व्यावसायिक कामात वापरता येतात. विकतच्या फाँटचा परवाना मात्र मोहीम सुरू होण्याआधी वाचावा. छापील जाहिरात, संकेतस्थळ आणि बोधचिन्ह यांच्या अटी वेगवेगळ्या असू शकतात.

दुकानांच्या पाट्यांबाबत कायदा झाला. २०२२ च्या दुरुस्तीने मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असं ठरवलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर शहरातल्या पाट्या झपाट्याने बदलल्या. आकार मिळाला, रूप मिळवून देणं आपल्याकडे आहे. देवनागरीत वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा ठेवावी लागते. त्यामुळे दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला, तरी मराठी अक्षराचं अंग बऱ्याचदा बारीक दिसतं. ते डोळ्यांनी जुळवावं लागतं, दहा पावलं मागे जाऊन बघावं लागतं.

या संमेलनाकडून एक ठोस काम अपेक्षित आहे. मराठी मथळ्यांचं एक तपासणीपत्रक सगळ्यांनी मिळून तयार करावं. त्यात ऱ्य, ऱ्ह, ळ, ॲ, ऑ, ज्ञ, क्ष, श्र, ट्र, द्ध, ष्ट हे सगळे यावेत. रफारासह वेलांटी, अनुस्वारासह वेलांटी, उकाराखाली मात्रेची ओळ, ₹ आणि मराठी अंक हेही यावेत. फाँट घडवणाऱ्यांनी ते नमुन्यासोबत छापावं आणि जाहिरात कंपन्यांनी निवडीच्या बैठकीत ग्राहकासमोर ठेवावं. त्याच पानावर तीच ओळ होर्डिंग, वर्तमानपत्राचा कॉलम आणि मोबाइल अशा तीन मापांत मांडलेली असावी. उद्याच्या दुपारच्या सत्रात अक्षरकार, मुद्रक आणि कॉपीलेखक एकत्र बसणार आहेत. पत्रकाचा पहिला मसुदा तिथेच लिहायला घ्यावा.