रक्तातील अबोल वारसा

डिचोली-साखळीच्या महाविद्यालयांत येणाऱ्या ज्या मुलांनी बारावीला विज्ञान घेतलेले असते, त्यांच्या वाचनात ‘थॅलसीमिया’ हा शब्द मेंडेलच्या वाटाण्यांपाठोपाठ आलेला असतो. वाणिज्य व कला शाखांकडे वळलेल्यांच्या वाट्याला तोही येत नाही. परंतु परीक्षेपुरते पाठांतर निराळे आणि स्वतःच्या रक्ताची ओळख निराळी. ह्या व्याधीचा वाहक तर धडधाकट असतो!

हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकांच्या जोडीतील एक सदोष असले, तरी दुसरे काम निभावून नेते. असा तरुण फुटबॉल खेळतो, डोंगर चढतो. फार तर किंचित फिकट दिसतो आणि घरची माणसे त्याला लोहाच्या गोळ्या देत राहतात. भारतात शंभरांत तीन-चार माणसे वाहक असावीत, असा अंदाज आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणी बालक आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. पहिले मूल निरोगी झाले म्हणून पुढचे भय टळले, असे नव्हे. आजारी बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातून साचणारे लोह बाहेर काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. वडिलांची रजा, आईचा रोजगार, मुलाची शाळा, सारे त्या तारखांभोवती फिरू लागते.

डॉ. कूली यांनी अमेरिकेत १९२५ साली ह्या रोगाचे वर्णन केले. इटलीत सिल्वेस्त्रोनी व बियांको यांनी निरोगी दिसणाऱ्या वाहकांचा शोध घेतला आणि लात्सिओ प्रांतात १९७५ पासून शाळकरी मुलांची तपासणी सुरू झाली. सायप्रसमध्ये ऑर्थोडॉक्स चर्च विवाहेच्छूंकडे तपासणीचा दाखला मागू लागले. तो दाखला लग्न अडवीत नाही. तपासणी झाली, एवढेच सांगतो.

गोव्यात विवाहाची नोंदणी सक्तीची आहे. पण वधूवर नोंदणी कचेरीची पायरी चढतात तोवर देवाचा प्रसाद लागलेला असतो, किंवा चर्चमध्ये घोषणेचा दिवस ठरलेला असतो. त्या वेळी रक्ताची गोष्ट काढणार कोण? गर्भावस्थेतील परीक्षेने तर आईबापांपुढे अधिकच कठीण पेच उभा राहतो. म्हणून पदवीचे पहिले वर्ष हीच योग्य वेळ होय. रक्तपेशींची साधी मोजणी करावी. पेशी लहान आढळल्यास हिमोग्लोबिनची पुढील तपासणी करावी. त्यात ए-२ हा अंश साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाला, तर बहुधा वाहक ठरतो.

मुलींच्या घरी मात्र धास्ती असते, ‘खोट’ निघाली तर स्थळ येणार नाही ही. ती खोटी म्हणून झटकून चालणार नाही. अहवाल बंद पाकिटातून ज्याचा त्याच्याच हाती पडावा. महाविद्यालयाच्या फलकावर नव्हे, आणि वर्गशिक्षकांच्या टेबलावरही नव्हे.