निसणा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला गणित शिकवीत. त्यांच्या गणिताविषयी मजहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. मी मात्र, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या रानात भरलेल्या आमच्या बालवीर शिबिरात त्यांनी मला कोयत्याला धार लावावयास शिकविले, ती हकीकत सांगणार आहे.

पथकाच्या हत्यारांना धार लावण्याचे काम माझ्याकडे होते. मी आळसाने ते टाळले आणि विचारल्यावर ‘लावली’ म्हणून सांगितले. दुपारी मेखांसाठी बांबू तोडताना तो बोथट कोयता बांबूत रुतलाच नाही. गुळगुळीत सालीवरून घसरला आणि माझ्या मित्राच्या नडगीत शिरला. तो मित्र आज दुसऱ्या रांगेत बसला आहे; खूण अद्याप आहे. धारदार हत्याराला सगळेच भितात. बोथटाला मात्र जोर अधिक लावावा लागतो आणि मग ते कोठे जाईल याचा नेम राहत नाही.

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. मित्राची जखम बांधून झाल्यावर संध्याकाळी त्यांनी मला ओढ्याकाठी नेले आणि पिशवीतून निसणा काढला. तो गोकाककडील वाळूखडकाचा होता. आपल्या काळ्या पाषाणापेक्षा हा दगड धारेला चांगला, कारण त्यातील गारेचे कण पोलादाहूनही कठीण.

निसणा भिजवून घ्यावयाचा. पाण्याने लोखंडाचा कीस वाहून जातो, नाहीतर दगड बुजून चालेनासा होतो. कोयत्याचे पाते वाकडे, म्हणून ते ओंडक्यावर स्थिर टेकवून दगडच फिरवावयाचा. मांडीवर कधीही नाही. आणि कोन! येथे गणित आलेच. स्वयंपाकघरातील सुरीला एकेका बाजूस २० अंशांच्या आतबाहेर पुरे. बांबूवर चालणाऱ्या कोयत्याला २५ ते ३० हवेत, अन्यथा धार पेरावर मुडपते. एक बाजू घासत गेले की दुसऱ्या बाजूस बारीक कड वळते. अंगठा पाठीकडून धारेबाहेर हलकेच सरकवला की ती लागते. मुठीपासून टोकापर्यंत लागली म्हणजे बाजू पालटावी. अखेरीस हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने, आणि मग कमरेच्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे करून, न्हावी वस्तरा फिरवतो तसे.

यंत्राच्या चाकावर हेच काम झटपट होते खरे. पण पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरलेच. ओढ्याकाठी ती भीती नाही.

अंधार पडेपर्यंत मी घासत होतो. मग गुरुजींनी एक बांबू पुढे केला. तो एका घावात तिरका उतरला. ते शाबास म्हणाले नाहीत. “आता तंबूत जा, आणि त्याला सांग,” एवढेच म्हणाले. काय सांगावयाचे ते मला कळले होते.

मी सांगितले. मित्र बराच वेळ बोलला नाही. मग त्याने कोयता मागून घेतला, आणि पडल्या पडल्याच कंदिलाच्या उजेडात अंगठ्याने धार पाहिली.