झाडाच्या वाट्याचा उजेड

शहरांतील घरांत सूर्यप्रकाश ही आता दुर्मिळ वस्तू होऊ लागली आहे. दिल्ली असो, कोलकाता असो वा मुंबई असो, ज्या घराच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत उभी आहे, तेथे तुळशीचे रोप जगविणे हेही एक दिव्यच. त्यावर उपाय म्हणून झाडांसाठी मुद्दाम बनविलेले एलईडी दिवे बाजारात मिळतात. दिवा आणावा, खोली लख्ख उजळावी, आणि तरीही रोपाचे खोड बारीक होऊन लांबत जावे, पाने फिकट पडावीत, असा अनुभव पुष्कळांना येतो. दोष दिव्याचाच असतो असे नाही. बहुधा तो मोजमापाचा असतो. जेवणार झाड, आणि चव पाहणार आपण!

दिव्याच्या खोक्यावर वॅटचा आकडा असतो. दिवा वीज किती खातो, एवढेच तो सांगतो. उजेड किती देतो, हे नव्हे. ल्यूमेन आणि लक्स ही मापे उजेडाची खरी, परंतु ती मानवी डोळ्याच्या कलाने ठरविलेली. आपल्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. तांबडा आणि निळा त्यामानाने मंद भासतात. पानांचा व्यवहार निराळा आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी पाने मुख्यतः 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश वापरतात. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने 1972 साली बावीस पिकांच्या पानांवरील मोजणी प्रसिद्ध केली. तांबडा प्रकाश पानांना विशेष मानवतो, पण हिरवाही पुष्कळ अंशी उपयोगी पडतो, असे तीत दिसून आले.

म्हणून झाडाचा प्रकाश मोजावयाचा तो प्रकाशकणांच्या संख्येने. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला या पट्ट्यातील किती कण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्ये, सुमारे इतके कण. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा 2,000 च्या घरात जातो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला सुमारे 70 ने भागले, की मायक्रोमोलचा अंदाज येतो. तांबड्या-निळ्या दिव्याला मात्र हा भागाकार लावू नये. तेथे लक्समापक फसतो, आणि प्रकाशकण मोजणारे यंत्रच लागते.

आता दिवसाचा हिशेब पाहू. वाचनास उत्तम अशी 500 लक्सची खोली झाडाला जेमतेम सात मायक्रोमोल देते. बारा तासांची बेरीज केली, तरी ती एका मोलच्या तृतीयांशापर्यंतही पोहोचत नाही. उलट कोशिंबिरीत वापरल्या जाणाऱ्या लेट्यूसला दिवसाकाठी साधारण 12 ते 17 मोल हवे असतात. पानांवर 225 मायक्रोमोल पाडणारा दिवा 16 तास चालू ठेवला, तर सुमारे 13 मोल पदरात पडतात. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत रोप उपाशी का राहते, ते या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल.

मोजणी पानांच्या उंचीवर करावी, आणि मध्यभागाबरोबर कडेलाही करावी. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तर प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो.

आणखी एक गोष्ट. प्रकाश हे झाडाचे अन्न आहे, तसे घड्याळही आहे. शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. म्हणून फुले लांबणीवर टाकावयाची असली, की बागाईतदार रात्री वाफ्यांवर मंद दिवे लावतात. तेवढ्या उजेडाने रोपाचे पोट भरत नाही, पण रात्र मोडते. तेव्हा दिव्याला आणि रोपाला रोज अंधाराची विश्रांती द्यावी, हे बरे.

दिवा घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे: किती अंतरावर, किती जागेवर, किती मायक्रोमोल? उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशात ठेवून कुंडी गच्चीवर नेलेली अधिक शहाणपणाची. तेथील दिवा फुकट आहे, आणि त्याचे माप झाडाला जुने ठाऊक आहे.