सत्यान्वेषी पडद्यावर

बऱ्हाणपुरात इतवाऱ्यातील आमच्या घरी परवा रात्री पुतण्याने २०१५ सालचा ब्योमकेश बक्षीवरील हिंदी चित्रपट लावला. दिबाकर बॅनर्जी यांनी महायुद्धाच्या सावटातील कलकत्ता त्यात मोठ्या कौशल्याने उभे केले आहे. परंतु अखेरचा रक्तपात पाहून पुतण्या म्हणाला, "काका, गुन्हेगार कोण हे ऐकायला कोणी जिवंत उरेल ना?"

मला हसू आले, हळहळही वाटली. ब्योमकेशला १९३२ साली जन्म देणारे शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ साली पुण्यास स्थायिक झाले. तेव्हा तो आपल्याही घरचाच. 'डिटेक्टिव्ह' हे नाव त्याला रुचत नाही. तो स्वतःस सत्यान्वेषी म्हणवितो.

मारामारीचे मला वावडे नाही. शेरलॉक होम्सही मूळ कथांत मुष्टियुद्धात तरबेज आहे. पण पडद्यावर हात चालू लागला, की प्रेक्षकाचे डोके विसावते. आणि रहस्यकथेत वाचकालाही विचाराचा वाटा उचलावा लागतो.

त्या वाट्याचे मोल मला घरीच कळले. गेल्या वर्षी आमच्याकडची एक पाटली हरवली. सर्वांचा संशय मोलकरणीवर गेला. पाटली शेवटची कोणी व कोठे पाहिली, एवढे साधे विचारण्याचेही आम्हांला सुचले नाही. चौथ्या दिवशी पाटली तांदळाच्या डब्यात सापडली. मोलकरीण मात्र पुन्हा आली नाही.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे ब्योमकेश आसनावर बसल्या बसल्या शिकवितो. त्याला पडद्यावर थोडा वेळ बसू द्यावे, इतकेच माझे मागणे आहे.