रिटायर झाल्यावर जाऊ

(हुबळी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सेवानिवृत्ती सत्कार सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महिन्याची अखेर आली की आपल्याकडे हार येतात, नारळ येतो, शाल येते. सेक्रेटरी उठतो आणि चार ठरलेली वाक्ये बोलतो. "आपण संघटनेचे आधारस्तंभ होता, पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो." मीही आजवर शेकडो सत्कारांत हेच बोललो. पुढच्या वर्षी ही शाल माझ्या खांद्यावर पडणार आहे. म्हणून आज जरा वेगळे बोलतो. निवृत्तीनंतर फंडाचे काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी मित्रांबरोबर केलेल्या एका प्रवासाविषयी बोलणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

आपल्या शाखेत एक पॉइंट्समन होते. नाव घेत नाही, जुन्या साथींना कळेलच. मीटरगेजच्या काळात दहा वर्षे ते बदामी स्टेशनवर होते. स्टेशनपासून गाव पाचेक किलोमीटर आणि गावालगतच्या डोंगरात लेणी. गाडीतून उतरलेले प्रवासी, कॅमेरेवाले, परदेशी लोक यांनाच विचारायचे, "लेणी कुठे?" हे हात करून दाखवायचे, टांगा ठरवून द्यायचे. स्वतः मात्र एकदाही वर गेले नाहीत. बारा तासांचा रोस्टर. सुटी मिळाली की घरचे काम, गावची जत्रा, आजारपण.

एकदा युनियन ऑफिसात ते माझ्याकडे आले. म्हणाले, "सेक्रेटरी, चार दिवसांची रजा मंजूर करून द्या. बायको मागे लागली आहे. बदामी, पट्टदकल, ऐहोळे एकदा नीट बघू म्हणते." त्या आठवड्यात माझ्यापुढे दोन चार्जशीटची प्रकरणे होती, एक बदली होती. त्यांच्या स्टेशनवर माणूस कमी होता हेही खरे. मी म्हणालो, "अहो, काय घाई आहे? रिटायर झाल्यावर जाऊ की, सगळे मिळून!" ते हसले आणि गेले. २०१८ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. इथेच हार घातला. चौथ्या महिन्यात हृदयविकाराने गेले. रजेसाठी मी भांडलो असतो तर मिळाली असती. मी भांडलोच नाही, कारण फिरायला जाणे हे मला रजेचे कारण वाटले नाही. साथींनो, आठ तासांच्या कामासाठी ज्यांनी लढा दिला, त्यांनी विश्रांती आणि आपल्या मर्जीचा वेळ यांसाठीही तो दिला होता. संघटनेचा सेक्रेटरी असून हे मी विसरलो.

त्यांच्या तेराव्याला आम्ही चौघे ओट्यावर बसलो होतो. ट्रेन लायटिंगमधले फिटर अण्णा, आर.एम.एस.मधले सॉर्टर मामा, एक निवृत्त गार्ड, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि मी. ठरले की वर्षातून एकदा तरी बाहेर पडायचे. आता प्रश्न आला, जायचे कसे? रेल्वेवाल्याला निवृत्तीनंतरही पास आहे. टपालवाल्याला नोकरीत होती ती प्रवासाची सवलतही निवृत्तीबरोबर संपते. पुढे मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलतही बंद झाली. मामा म्हणाले, "तुम्ही जा पासावर. मी पोस्टकार्ड टाकीन." अण्णा म्हणाले, "असं कसं? तुमच्या टपालाच्या पिशव्या आमच्या गाडीतून गेल्या, आता तुम्हाला सोडून जायचं?" म्हणून ठरले, रस्त्याने जायचे. खर्च सारखा वाटायचा. आयुष्य रुळांवर गेलेली माणसे अशी म्हातारपणी सडकेला लागली.

मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली. बदामीचा योग आला तो २०२४ च्या जानेवारीत. अण्णांच्या जावयाने आपली विजेवर चालणारी मोटार दिली. चालवायला कोण? तर त्या गेलेल्या पॉइंट्समन मित्राचा मुलगा. पाचवी जागा त्याचीच होती.

विजेची मोटार म्हटल्यावर अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. कारण विजेची पहिली मोटार आम्ही दोघांनी मिळून पाहिली होती. साल २००३. दक्षिण पश्चिम रेल्वे हा नवा झोन १ एप्रिलला हुबळीत सुरू झाला, त्या वर्षी युनियनच्या कामासाठी आम्ही बंगळूरला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक लहानशी गाडी उभी होती. दोन दारे, पुढे दोन माणसे, मागे जेमतेम दोन मुले. ती 'रेवा' होती. बंगळूरलाच बनलेली, २००१ मध्ये बाजारात आलेली. धूर नाही, आवाज नाही. मालक सज्जन होते. अण्णांनी विचारले, "बॅटरी कुठे आहे?" त्यांनी पुढची सीट उचलून दाखवली. खाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या ओळीने. शिसे आणि आम्लाच्या.

अण्णांचा चेहरा असा खुलला, जणू परगावी नातेवाईक भेटला! म्हणाले, "सेक्रेटरी, ही तर आपल्या डब्याखालची बॅटरी!" आपल्या डब्यांतले दिवे-पंखे चालायचे ते डब्याखालच्या बॅटऱ्यांवर. गाडी धावताना आसाच्या पट्ट्यावरचा अल्टरनेटर त्या भरायचा. अण्णांचे सारे आयुष्य डब्याखाली वाकून गेले. डिस्टिल्ड वॉटर घालायचे, हायड्रोमीटरने आम्लाचा दाटपणा बघायचा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी काढून ग्रीस लावायचे. हाताला आम्लाचे डाग, शर्टाला भोके. अण्णांनी त्या मालकांची उलटतपासणीच घेतली. पाणी कोण घालतो? एकदा भरल्यावर किती जाते? उत्तर आले, ऐंशी किलोमीटर, पूर्ण भरायला आठ तास. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण तीन वर्षांनी बॅटरी बसेल, तेव्हा कळेल." पुढे ती कंपनी २०१० मध्ये महिंद्रांनी घेतली. रेवा रस्त्यावरून गेली, पण अण्णांची ती गोष्ट आम्ही कितीदा तरी ऐकली.

तर निघालो. नवलगुंद, नरगुंद, कुळगेरी क्रॉस. काळी जमीन, जोंधळा उभा. नरगुंदला चहाला थांबलो. १९८० मध्ये मलप्रभा प्रकल्पाच्या वाढीव आकारणीविरुद्ध शेतकरी याच भागात उठले होते आणि गोळीबारात माणसे मेली होती. चहावाल्याला ते सारे पाठ होते. गाडीतून शेकडो वेळा हा मुलूख ओलांडला, पण चहावाल्याशी बोलायला रस्त्यानेच यावे लागले.

वाटेत अण्णा गप्प होते. मी विचारले तर म्हणाले, "हिच्यात लिथियमची बॅटरी. पाणी घालायचं नाही, आम्ल बघायचं नाही. रेल्वेतही बंद डब्याच्या बॅटऱ्या आल्या, नव्या गाड्यांत वीज थेट इंजिनातून येते. म्हणजे मी पस्तीस वर्षं जे शिकलो ते आता कुणाला नको." आम्हाला उत्तर सुचले नाही. मामा एवढेच म्हणाले, "माझंही तेच की हो. चालत्या गाडीत रात्रभर पत्रं लावली. पत्रंच राहिली नाहीत." आणि लगेच, "बदामी पाच आठ सात दोन शून्य एक!" पिनकोड विसरला नव्हता.

रात्री लॉजवर पोचलो. मालकाने युनिटप्रमाणे पैसे ठरवून गाडी भरायला पंधरा अँपियरचा प्लग दिला. जोडल्याबरोबर लाल दिवा. गाडी वीज घेईना. मालक म्हणाला, तुमची गाडीच खराब. पोरगा मोबाइलवर शोधत बसला. अण्णांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. निवृत्त झाले तरी पिशवीत ते असतेच! मेन बंद करायला लावला, प्लगचे झाकण उघडले. अर्थिंगची तार स्क्रूमधून निसटून लोंबत होती. घासून, पीळ देऊन घट्ट बसवली. तपासले. हिरवा दिवा लागला. अण्णा मालकाला म्हणाले, "गाडी शहाणी आहे, अर्थ नसेल तर वीज घेत नाही. तुमच्या गिझरला एवढी अक्कल नाही. त्याचाही प्लग बघू द्या, माणूस मरेल." त्या रात्री त्यांनी लॉजचे चार प्लग दुरुस्त केले आणि पोटभर भाकरी, शेंगाचटणी खाऊन गाढ झोपले.

सकाळी लेणी. तांबडा वालुकाश्म, खाली अगस्त्य तलाव. पहिल्याच लेण्यात अठरा हातांचा नटराज. तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे, चालुक्य मंगलेशाचा. साडेचौदाशे वर्षांपूर्वीचे काम, तिथीसुद्धा नोंदलेली. पायऱ्यांच्या तळाशी मित्राचा मुलगा थांबला. म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो. आई नि आम्ही वर गेलो. बाबा इथं उभे राहिले. घड्याळ बघून म्हणाले, तुम्ही बघून या, माझी ड्युटी आहे. आम्ही उतरलो तेव्हा ते गेले होते." आमच्यातला कुणी काही बोलला नाही. गार्डसाहेबांनी सवयीने घड्याळ पाहिले आणि खिशात ठेवून दिले. म्हणाले, "आज वेळ लिहायची नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टदकल, बदामीहून बावीस किलोमीटर. तिथले विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांची-विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात बांधवले. राजाराणीची नावे सगळीकडे असतात. पण इथे दगडावर कामगारांची नावे आहेत! मुख्य स्थपती गुंड अनिवारिताचारी. त्याला राजाने 'त्रिभुवनाचारी' ही पदवी दिली. दुसरा सर्वसिद्धी आचारी. त्याच्याविषयी लिहिले आहे की घरे, महाल, याने, आसने, शय्या हेच त्याच्या मुकुटातले मणी. वाटाड्याने 'यान' म्हणजे वाहन असे सांगताच गार्डसाहेब ओरडले, "म्हणजे हा तर आपल्या वर्कशॉपचा माणूस! कॅरेज अँड वॅगन!" सगळे हसलो. पण मला मनात लागले. आपले नाव मस्टरवर असते, चार्जशीटवर असते, शेवटी पेन्शनच्या कागदावर असते. केलेल्या कामावर कुठेच नसते. ज्या डब्यात अण्णांच्या बॅटरीवर रात्री दिवा लागला, त्या डब्यातल्या एकाही प्रवाशाला अण्णांचे नाव ठाऊक नव्हते. अण्णा बराच वेळ त्या अक्षरांवर नजर लावून उभे होते. अक्षरे जुनी कानडी, त्यांना वाचता येत नव्हती. तरी उभे होते.

पुढे ऐहोळेला मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा लेख आहे, इसवी सन ६३४ चा. त्यात पुलकेशीच्या राज्यातील तीन 'महाराष्ट्रकां'चा आणि नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. आपण मराठी माणसे इथे कर्नाटकात परकी नाही, हे सांगायला आणखी कुठला दाखला हवा?

साथींनो, अशी जागा प्रत्येकाच्या सेक्शनवर आहे. भुसावळच्या साथींना अजिंठा आहे. मळवलीवरून रोज गाड्या नेणाऱ्यांना कार्ले आणि भाजे आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचे कोरलेले आहे. भोपाळकडच्या साथींना सांची तर स्टेशनच आहे. तिथल्या तोरणावरचे काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख आहे. आपण या जागांवरून झेंडी दाखवत गेलो. उतरलो नाही.

म्हणून आज निवृत्त होणाऱ्या बंधूंना चार गोष्टी सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत पहिला प्रवास करा, 'घराचे काम आटोपले की' म्हणू नका. एकट्याने जाऊ नका, आणि रेल्वेवाल्यांनी टपालवाल्याला मागे ठेवू नका. आमच्या मंडळीत आता एक ग्रामीण डाकसेवक आहेत. त्यांना पेन्शन नाही. त्यांचा हिस्सा बाकीचे वाटून घेतात आणि वहीत 'सामायिक' असे लिहितात. त्यावर चर्चा होत नाही. तिसरे, रात्री गाडी चालवायची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आणि पेन्शनचे ओळखपत्र खिशात ठेवा. चौथे, घरच्या बाईला बरोबर न्या. आमच्या पहिल्या प्रवासात ही चूक झाली. त्या मित्राच्या पत्नीला आम्ही बोलावलेच नाही. वास्तविक बदामी बघायची इच्छा मुळात त्यांचीच होती. यंदा डिसेंबरात त्या येणार आहेत, आमच्या घरच्याही येणार आहेत. दोन गाड्या लागतील.

आणि जे अजून नोकरीत आहेत त्या तरुण साथींना सांगतो. यापुढे बायकोमुलांना घेऊन लेणी बघायला रजा पाहिजे म्हणून कुणी माझ्याकडे आला, तर तो अर्ज मी चार्जशीटच्या प्रकरणाइतकाच महत्त्वाचा धरीन आणि साहेबांच्या टेबलापुढे उभा राहीन. माझे एक वर्ष उरले आहे. त्या वर्षात हे काम माझ्याकडून करून घ्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!