अळंब्याचा ठावठिकाणा

श्रावणाच्या सुमारास गोमंतकातील बाजारांत पानांत बांधलेली रानटी अळंबी विकावयास येतात. तिकडे त्यांना ओळमी म्हणतात. गिऱ्हाईक भाव विचारते, घासाघीस करते. परंतु ती कोठून आणली, या प्रश्नाला सहसा सरळ उत्तर मिळत नाही. वारुळाची जागा हीच वेचणाऱ्याची खरी मिळकत. वाळवी जमिनीखाली ही बुरशी जोपासते आणि पाऊस पडला की लांब देठाचे छत्र माती फोडून वर येते. रॉजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली या प्रजातीला 'टर्मिटोमायसीस' असे नाव दिले.

वेचणारा जी गोष्ट लपवितो, तीच वनस्पतिसंग्रहालयाला सर्वांत आधी हवी असते. अळंबे हे अल्पायुषी. वाळले की त्याचा रंग उडतो, वास जातो, आकार आकसतो. म्हणून ते ताजे असतानाच त्याचे वर्णन लिहून घ्यावे लागते. छत्र रात्रभर कागदावर पालथे ठेवून बीजाणूंचा रंग पाहतात. नंतर मंद उष्णतेवर वाळवून ते कागदी पाकिटात ठेवतात आणि वर चिठ्ठी लावतात. तीत गाव, रान, जवळचे झाड, तारीख, वेचणाऱ्याचे नाव व अनुक्रमांक असतो. चिठ्ठी हरवली की नमुना म्हणजे केवळ सुकलेला तुकडा.

अशा चिठ्ठ्यांचे मोल काय, हे कॅलिफोर्नियात दिसून आले. 'अमानिता फॅलॉइडीस' हे यूरोपातील अत्यंत विषारी अळंबे. अर्धे छत्र पोटात गेले तरी माणूस दगावू शकतो. शिजविल्याने विष जात नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते मूळचेच, की बाहेरून आलेले, हा वाद होता. जुन्या पाकिटांवर त्याचे नाव होते, म्हणून ते तेथले जुने रहिवासी वाटे. अॅन प्रिंगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाकिटे पुन्हा उघडली, नमुने तपासले, आणि 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जुन्यांपैकी काही भलत्याच जातींचे निघाले. खात्रीचा पहिला नमुना 1938 सालचा, माँटेरे येथील एका हॉटेलच्या आवारातला होता. अर्थात हा पाहुणा परका, आणि तो तेथील ओक वृक्षांच्या रानांत पसरत चालला आहे.

नॉर्वेतही असेच घडले. तेथील संग्रहांतील 1940 ते 2006 या काळातील सुमारे 34 हजार नोंदी पडताळल्या, तेव्हा 1980 नंतर अळंबी उगवण्याचा काळ सरासरी सुमारे 13 दिवसांनी पुढे गेल्याचे 2008 साली सिद्ध झाले. चिठ्ठीवर तारीख लिहिणाऱ्यांच्या मनात हवामानाचा विचारही नसेल. त्यांनी केवळ आपले काम चोख केले.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. एडविन बटलर यांनी बिहारमधील पुसा येथे आरंभलेला बुरशींचा संग्रह आज दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संग्रहाला अजरेकर या महाराष्ट्रीय बुरशीशास्त्रज्ञांचे नाव आहे.

तरीही वेचणाऱ्याची भीती खोटी नाही. जागा सर्वतोमुखी झाली तर चार हात अधिक येतील आणि कोवळी कळीही उरणार नाही. म्हणूनच दुर्मीळ जातींची नेमकी जागा संग्रहालये पुष्कळदा लोकांपुढे मांडत नाहीत. ती नोंदीत मात्र असते. गुपित राखणे व नोंद ठेवणे यांत विरोध नाही. उद्या रस्त्यासाठी ते वारूळ सपाट झाले आणि जागा जाणणारा म्हाताराही गेला, तर तेथे काय उगवत होते, हे त्या पाकिटावाचून कोण सांगणार?